डास, तेल आणि दारावरची टकटक

मॉरिशस म्हटलं की आपल्याला निळं पाणी, मधुचंद्राचं पॅकेज, गंगातलाव आणि फार तर तिथले मराठी गणपती आठवतात. गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी देणारं हे बेट आहे. साथरोगांच्या अभ्यासकांना मात्र मॉरिशस म्हटलं की मलेरियाचं गणित, एका कायद्याने उतरलेलं कोलेस्टेरॉल आणि प्रवाशांकडून भरून घेतलेला एक साधासा फॉर्म आठवतो. १८६५ चौरस किलोमीटरचं हे बेट रत्नागिरी जिल्ह्याच्या पावपटही नाही. तरी गेल्या पावणेदोनशे वर्षांत वैद्यकशास्त्राने इथून जे उचललं, ते कित्येक मोठ्या देशांनाही देता आलेलं नाही.

याचं एक कारण भूगोलात आहे. बेटावर कोण आलं, कोण गेलं, कोणत्या जहाजातून काय उतरलं, याची नोंद ठेवता येते. रोग कधी नव्हता आणि कधी आला, हे तारखेनिशी सांगता येतं. संशोधकाला आणखी काय हवं? बेटावरच्या माणसांना मात्र या नोंदींची किंमत जिवाने मोजावी लागली. पाठ्यपुस्तकात निष्कर्ष छापले जातात, त्यामागच्या भानगडी राहून जातात. त्यातल्याच काही या.

ओकारी गिळणारा डॉक्टर

शार्ल-एदुआर ब्राऊन-सेकार यांचा जन्म १८१७ चा, पोर्ट लुईसचा. वडील अमेरिकन जहाजाचे कप्तान. मुलगा जन्मायच्या आधीच ते गेले. आई बेटावरचीच, फ्रेंच वंशाची. तिने वाढवलेला हा मुलगा पॅरिसला जाऊन डॉक्टर झाला आणि मज्जारज्जूची एक बाजू कापली गेली तर शरीराच्या कोणत्या बाजूची हालचाल जाते व कोणत्या बाजूची वेदना जाते, हे त्याने दाखवून दिलं. आजही एमबीबीएसच्या विद्यार्थ्याला तोंडी परीक्षेत 'ब्राऊन-सेकार सिंड्रोम' विचारतात. तो हाच.

१८५४ मध्ये ते मायदेशी होते आणि बेटावर कॉलऱ्याने थैमान घातलं होतं. हजारो माणसं मेली. ब्राऊन-सेकारांचा भरवसा लॉडनमवर, म्हणजे अफूच्या अर्कावर होता. पण औषध चालतं की नाही हे ठरवायचं तर आधी रोग हवा. असं सांगतात, की त्यांनी कॉलऱ्याच्या रुग्णांची ओकारी गिळली आणि मग स्वतःवर अफूचा भरपूर डोस आजमावला. रोगाने नाही, तर औषधानेच ते जवळजवळ गेले होते. वाचले, आणि साथीतल्या सेवेबद्दल गावकऱ्यांनी त्यांना पदक दिलं.

या धाडसातून कॉलऱ्याबद्दल काहीच सिद्ध झालं नाही. त्याच वर्षी लंडनमध्ये जॉन स्नो नावाचा दुसरा डॉक्टर मृतांचे पत्ते नकाशावर मांडत होता. त्याने कुठलीही ओकारी गिळली नाही. कोणत्या घरचं पाणी कोणत्या पंपावरून येतं एवढंच विचारलं आणि कॉलरा पाण्यातून पसरतो हे दाखवलं. स्वतःच्या शरीरावर प्रयोग करणाऱ्यांच्या गोष्टी रंगतदार असतात, पण साथ कळते ती घरोघर विचारत फिरणाऱ्याला. पुढच्या सगळ्या किस्शांत हे दिसेल.

ब्राऊन-सेकारांची खोड काही गेली नाही. १८८९ मध्ये, बहात्तराव्या वर्षी, त्यांनी पॅरिसच्या विद्वत्सभेत जाहीर केलं की कुत्र्याच्या आणि गिनीपिगच्या वृषणांचा अर्क टोचून घेतल्यापासून आपल्याला तरुण वाटतंय. वर्तमानपत्रांना खाद्य मिळालं, भोंदूंना धंदा मिळाला. पण शरीरातल्या ग्रंथी रक्तात काहीतरी सोडतात ही कल्पना त्या गदारोळातही टिकली आणि संप्रेरकांच्या शास्त्राला चालना मिळाली. मॉरिशसमधलं मनोरुग्णालय आज त्यांच्या नावाने ओळखलं जातं.

ऊस थांबला तेव्हा

१८३४ पासून हिंदुस्थानातले करारबद्ध मजूर उसाच्या मळ्यांसाठी मॉरिशसला जाऊ लागले. कलकत्ता आणि मद्रासबरोबर मुंबई बंदरातूनही जहाजं सुटत. आजचा तिथला मराठी समाज त्याच जहाजांतून गेलेल्यांचा वंश. बेटावर रोग आला की बोट या जहाजांकडे वळे.

जानेवारी १८५६ मध्ये कलकत्त्याहून आलेल्या दोन जहाजांवर कॉलऱ्याचा संशय आला. दोनच वर्षांपूर्वीची साथ पोर्ट लुईसचे लोक विसरले नव्हते. मजुरांना बंदरात उतरवू नका, असा त्यांनी धोशा लावला. गव्हर्नरने मजुरांना उत्तरेच्या गॅब्रिएल नावाच्या ओसाड बेटावर उतरवलं. धड निवारा नाही, पाणी पुरेसं नाही. त्या तळावर अडीचशेहून जास्त माणसं मेली.

एरवी हे प्रकरण दप्तरात गाडलं गेलं असतं. पण बातमी हिंदुस्थान सरकारपर्यंत पोचली आणि सरकारने मॉरिशसला मजूर पाठवणंच थांबवलं. मजूर थांबले म्हणजे ऊस थांबला. मग मात्र विलगीकरणाच्या जागी निवारा, पाणी आणि डॉक्टर यांची सोय कशी करायची हे मळेवाल्यांनाही सुचू लागलं. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात करुणेने जे झालं नाही ते हिशेबाने झालं, असे प्रसंग बरेच सापडतात. त्यातला हा एक ठळक.

दहा वर्षांनी आणखी मोठा घाला पडला. तोवर मॉरिशसमध्ये मलेरिया नव्हता. मलेरियाचे जंतू घेऊन माणसं येत होती, पण ते पसरवणारे डास बेटावर नव्हते. १८६० च्या दशकात आफ्रिका किंवा मादागास्करकडून आलेल्या जहाजांतून ते डासही उतरले. १८६६ ला ताप सुरू झाला आणि १८६७ च्या एका वर्षात सुमारे चाळीस हजार माणसं दगावली. बेटाची लोकसंख्या तेव्हा साडेतीन लाखांच्या आसपास होती.

डास रोग पसरवतो हे तेव्हा जगात कुणालाच ठाऊक नव्हतं. दूषित हवा, दलदल, जंगलतोड, मजुरांची अस्वच्छता, जे सुचेल त्यावर खापर फुटलं. ज्यांना परवडत होतं ते पोर्ट लुईस सोडून वरच्या पठारावर गेले. रेल्वे नुकतीच सुरू झाली होती, त्यामुळे पठारावर राहून बंदरात कामाला येणं जमू लागलं. क्यूरपीपसारखी पठारावरची गावं त्यातून वाढली. आज पर्यटकाला तिथली थंड हवा आवडते. त्या गावांच्या वस्तीमागे तापाची भीती आहे हे गाईड सहसा सांगत नाही.

रॉससाहेबांचं गणित

रोनाल्ड रॉस अल्मोड्याला जन्मले. १८९७ च्या ऑगस्टमध्ये सिकंदराबादेत त्यांना डासाच्या पोटात मलेरियाचा जंतू दिसला, १९०२ मध्ये नोबेल मिळालं. पण १९०७ च्या नोव्हेंबरमध्ये ते मॉरिशसला उतरले तेव्हा मनातून डिवचलेले होते.

त्याला कारण होतं लाहोरजवळची मियां मीर छावणी. डास मारले की मलेरिया जातो, हे रॉस यांचं म्हणणं. ते तपासायला छावणीत कालवे-डबकी बुजवण्याचा प्रयोग झाला आणि तो फसल्याचं ब्रिटिश हिंदुस्थानातल्या तज्ज्ञांनी जाहीर केलं. रॉस म्हणत, काम अर्धवट झालं. विरोधक म्हणत, देशातला प्रत्येक डास का कुणाला मारता येणार आहे? रॉस हा मूळचा भांडकुदळ माणूस. श्रेयावरून इटलीच्या ग्रासींशी त्यांचं भांडण आयुष्यभर चाललं. या वेळी मात्र त्यांनी भांडणाला कागद-पेन्सिल आणली.

मॉरिशसमध्ये त्यांनी आधी मोजणी सुरू केली. शाळांतल्या आणि मळ्यांवरच्या हजारो मुलांना आडवं निजवून डाव्या बरगडीखाली बोटं दाबायची आणि पानथरी वाढलीय का बघायचं. मलेरियाच्या गावात पानथरी वाढलेली मुलं जास्त. सूक्ष्मदर्शक नको, प्रयोगशाळा नको. गावोगावचा आकडा हाती आला की कुठे किती रोग आहे याचा नकाशाच तयार होतो. डासांची डबकीही अशीच हुडकली गेली.

मग त्यांनी हिशेब मांडला. समजा, हजार वस्तीचं गाव आहे. त्यातली काही माणसं आजारी. त्यांना डास चावायला हवा. चावलेला डास जंतू पिकेपर्यंत जगायला हवा आणि मग त्याने पुन्हा दुसऱ्या माणसाला चावायला हवं. चार डासांतल्या एकालाच माणूस चावायला मिळतो, तीन डासांतला एकच पुरेसा जगतो, असे ढोबळ अंदाज धरत रॉस पुढे गेले. दुसऱ्या बाजूला माणसं दर महिन्याला बरीही होतात. बेरीज-वजाबाकी करून त्यांनी सांगितलं, की महिन्याला माणशी सुमारे चाळीस डासांच्या खाली आकडा आणला तर मलेरिया आपोआप विझतो. शेवटचा डास मारायची गरजच नाही.

हे गणित १९०८ च्या मॉरिशसच्या अहवालात छापलं गेलं. सरकारी अहवाल कोण वाचतं! पण साथरोगांच्या आधुनिक गणिती शास्त्राची एक महत्त्वाची सुरुवात तिथे झाली. करोनाच्या दिवसांत रोज संध्याकाळी टीव्हीवर एक रुग्ण सरासरी कितीजणांना रोग देतो याचा आकडा सांगत असत. तो एकाच्या खाली गेला की साथ ओसरते, हे आपल्याकडे रिक्षावाल्यालाही पाठ झालं होतं. त्या आकड्याचं कूळ शोधत गेलं की आपण उसाच्या मळ्यांत मुलांची पोटं तपासणाऱ्या रॉस यांच्यापर्यंत पोचतो. एका भांडणात प्रतिपक्षाला गप्प करायला मांडलेला हिशेब शंभर वर्षांनी सगळ्या जगाच्या उपयोगी पडला.

प्रमाणपत्र भिंतीवर, डास गच्चीवर

गणित पटलं तरी पैसा आणि हत्यार हवं. हत्यार दुसऱ्या महायुद्धानंतर मिळालं. जानेवारी १९४९ पासून मॉरिशसमध्ये घराघरांच्या भिंतींवर डीडीटीची फवारणी सुरू झाली. बेटावर मलेरिया पसरवणाऱ्या डासांच्या दोन जाती होत्या. त्यातली एक, अ‍ॅनॉफिलिस फ्युनेस्टस, घरात शिरून माणसाला चावायची आणि पोट भरलं की भिंतीवर विसावायची. भिंतीवर तर डीडीटी. तीन-चार वर्षांत ही जात बेटावरून नाहीशी झाली. दुसरी जात, जिला आता अ‍ॅनॉफिलिस अरेबिएन्सिस म्हणतात, ती जास्त चतुर. तिला माणसासारखी गुरंही चालतात, आणि विसावायला घराबाहेरची जागा. ती उरली.

त्या काळात, आठेक वर्षांच्या आत, बेटावरच्या माणसाचं सरासरी आयुर्मान तेहतीसवरून एक्कावन्नवर गेलं. युरोपातल्या देशांना एवढ्या मजलेला शतकभर लागलं होतं. यातून एक अनपेक्षित भीती निघाली. पोरं जगू लागली आणि लोकसंख्या भराभर वाढली. अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांनी १९६१ मध्ये बेटाच्या भवितव्याचं निराशाजनक चित्र रंगवलं. मीड यांना पुढे नोबेल मिळालं. मॉरिशसने कुटुंबनियोजन केलं, कापडाचे कारखाने आणि पर्यटन उभं केलं आणि त्यांचा अंदाज खोटा पाडला.

१९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मॉरिशसला मलेरियामुक्तीचं प्रमाणपत्र दिलं. रोग गेला म्हटल्यावर फवारणीवाल्यांचं आणि रक्त तपासणाऱ्यांचं काम आटलं, हे ओघाने आलंच.

फेब्रुवारी १९७५ मध्ये जर्व्हेझ नावाचं चक्रीवादळ आलं. घरं पडली. ती पुन्हा बांधायला बाहेरून कामगार आले. काही जण मलेरियाच्या देशांतून आले होते आणि त्यांच्या रक्तात जंतू होता. घरांचाही ढंग बदलला होता. १९६० च्या दोन मोठ्या वादळांपासून लोकांनी पत्रे-गवताची छपरं सोडून सिमेंटच्या सपाट गच्च्यांची घरं बांधायला सुरुवात केली होती. वादळात टिकायला ती उत्तम. पण सपाट गच्चीवर पावसाचं पाणी तुंबतं. अरेबिएन्सिसला वस्तीच्या मधोमध, उन्हात तापलेलं उथळ पाणी आयतंच मिळालं. १९८२ मध्ये स्थानिक मलेरियाचे ६२३ रुग्ण निघाले. वादळाशी लढायला बांधलेली घरं डासाच्या कामी आली.

मुंबईकराला यात नवल वाटायचं कारण नाही. १९११ च्या अहवालात चार्ल्स बेंटली यांनी मुंबईच्या मलेरियाचं मूळ घरांच्या आवारातल्या विहिरींत दाखवलं होतं. नंतर विहिरींची जागा गच्चीवरच्या टाक्यांनी घेतली. डास दलदलीतच होतो असं आपण धरून चालतो, आणि तो मात्र आपण बांधलेल्या चांगल्याचुंगल्या वस्तूंत घर करतो.

दारावरची टकटक

मॉरिशसने फवारणी, औषधं आणि डबक्यांवरचं अळीनाशक हे सगळं पुन्हा सुरू केलं. १९९७ नंतर तिथे स्थानिक मलेरिया नाही. पण या वेळी बेटाने एक धडा गिरवला. प्रमाणपत्र भिंतीवर लावून पहारेकऱ्यांना घरी पाठवायचं नाही.

हा पहारा पर्यटकाच्या लक्षातही येत नाही. बेटावर येताना एक आरोग्याचा फॉर्म भरायला लावतात. गेल्या काही महिन्यांत कोणत्या देशांत होतात, ताप आला होता का, इथे कुठे उतरणार? आपल्याकडचे बरेच लोक तो घाईत भरतात, हॉटेलचं नावही अर्धवट लिहितात. पण मलेरिया असलेल्या देशातून आलेल्या प्रवाशांची यादी त्या फॉर्मवरून निघते आणि आरोग्य विभागाचा माणूस पत्त्यावर जातो. ताप आहे का विचारतो, गरज वाटली तर बोटाला टोचून रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेतो. बांधकामावर आणि कापड कारखान्यांत येणाऱ्या परदेशी मजुरांवर तर फार बारीक लक्ष असतं. बंदर आणि विमानतळाच्या परिसरात फवारणीही चालू असते.

हॉटेलच्या खोलीवर टकटक होते, दारात सरकारी माणूस उभा असतो आणि तो म्हणतो की तुम्ही भारतातून आलात म्हणून तुमचं रक्त हवं. नव्या नवऱ्या-नवरीचा चेहरा कसा होत असेल ते डोळ्यांपुढे आणा. काहींना हा अपमान वाटतो. १८५६ चं गॅब्रिएल बेट आठवलं तर या दोन्ही वागण्यांतला फरक कळेल. तेव्हा भीतीपोटी माणसांना ओसाड खडकावर सोडून दिलं होतं. आता माणूस हिंडतो-फिरतो आणि सरकार त्याच्या मागे जाऊन तब्येत विचारतं. दोन्हीला आपण 'खबरदारी' म्हणतो, पण एक दहशतीतून आलेली, दुसरी हिशेबातून.

या सगळ्यावर दरसाल माणशी साधारण दोन डॉलर खर्च येतो, असा अभ्यासकांनी हिशेब मांडला होता. तरी दर अर्थसंकल्पाला तोच प्रश्न येतो, की जो रोग देशात नाही त्याच्यावर पैसे कशाला? आरोग्य खात्यात काम करणाऱ्या कुणालाही विचारा. साथ आली की निधी मागावा लागत नाही. साथ येऊ दिली नाही तर मागून मिळत नाही.

शेजारच्या बेटावरचा बदल

मलेरियाचा पहारा कडक असला तरी डासाच्या दुसऱ्या जातीला तो अडवू शकत नाही. २००४ मध्ये केनियाच्या लामू बेटावर चिकुनगुनिया भडकला. तिथून कोमोरोस, मग मॉरिशसच्या शेजारचं रियुनियन. रियुनियनच्या पावणेआठ लाख वस्तीत अडीच लाखांहून जास्त लोक आजारी पडले. मॉरिशसलाही हजारो रुग्ण झाले.

रियुनियनवर चिकुनगुनियाचा नेहमीचा वाहक, एडिस इजिप्ती, फारसा नव्हता. होता तो टायगर डास, एडिस अल्बोपिक्टस. तरी साथ एवढी कशी? विषाणूच्या जनुकांची रचना तपासली तेव्हा त्याच्या कवचाच्या प्रथिनात २२६ व्या जागी अ‍ॅलनिन जाऊन व्हॅलिन आल्याचं दिसलं. एवढ्याशा बदलाने तो विषाणू टायगर डासात कितीतरी सहज वाढू लागला होता.

बार्शीत १९७३ मध्ये चिकुनगुनियाची साथ येऊन गेली होती. त्यानंतर तीन दशकं तो आपल्याकडे गायबच होता. २००५ च्या अखेरीपासून तो भारतात पुन्हा पसरला आणि २००६ मध्ये महाराष्ट्रात गावंच्या गावं सांधे धरून बसली. हिंदी महासागराच्या बेटांवर आढळलेला तो बदल पुढे केरळातही दिसला, आणि २००७ मध्ये केरळहून गेलेल्या एका प्रवाशाबरोबर विषाणू इटलीतल्या खेड्यात पोचला. दीडशे वर्षांपूर्वी 'हिंदुस्थानच्या जहाजांतून रोग येतो' म्हणणाऱ्यांना सांगायला हवं, की रोगाला परतीचं तिकीटही मिळतं.

रेशनचं तेल

डासांच्या मागे धावता धावता बेटाच्या लक्षात आलं, की आता माणसं तापाने मरत नाहीत, मधुमेहाने आणि हृदयविकाराने मरतात. १९८७ मध्ये मोठं सर्वेक्षण झालं. ऑस्ट्रेलियाचे पॉल झिमेट त्यात पुढे होते. प्रशांत महासागरातल्या नाऊरू बेटावर फॉस्फेटच्या पैशाने जेवण बदललं आणि प्रौढांपैकी तिसऱ्या हिश्श्याला मधुमेह झाला, हे त्यांनी १९७० च्या दशकात पाहिलं होतं. त्यांच्याबरोबर इंग्लंडचे जॉर्ज अल्बर्टी आणि फिनलंडचे याको तुओमिलेह्तो होते.

अशा तपासणीत प्रत्येकाने रात्रभर उपाशी राहून सकाळी यायचं, रक्त द्यायचं, ७५ ग्रॅम ग्लुकोजचं पाणी प्यायचं आणि दोन तास थांबून पुन्हा रक्त द्यायचं. शहाणीसुरती माणसं यासाठी तयार करायची तर शास्त्रज्ञ काय कामाचा? तिथे वस्तीत ओळख असलेला आरोग्य कर्मचारीच लागतो. पाच हजारांवर प्रौढ तपासले गेले.

अपेक्षा अशी होती, की भारतीय वंशाच्या लोकांत मधुमेह जास्त असेल. तो होताच. पण आफ्रिकी वारशाच्या क्रिओल लोकांत आणि चिनी वंशाच्या लोकांतही दहा टक्क्यांच्या वर निघाला. त्या वेळच्या चीनमध्ये मधुमेह अगदी तुरळक होता. माणसं निराळी, पूर्वज तीन मुलखांतले, आणि एका बेटावर एकच रोग. म्हणजे रक्ताइतकाच दोष राहणीचा. या निष्कर्षाने पुढे चीनमध्ये आणि आपल्याकडे काय येणार आहे, याची सूचना आधीच दिली होती. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी नंतर दिसायला बारीक पण आतून चरबी साठवणाऱ्या भारतीय शरीराचा जो अभ्यास केला, तो या कोड्याच्या भारतीय भागाचाच शोध आहे.

मग उपाय काय? भित्तिपत्रकं, रेडिओ, शाळांतली भाषणं हे नेहमीचं सगळं झालं. पण सर्वांत मोठा घाव घातला तो स्वयंपाकघरात, आणि कुणाच्या स्वयंपाकघरात पाऊल न टाकता. बेटावर सरकारी सवलतीत मिळणारं तेल बहुतांश पामचं होतं. त्यात घट्ट, संपृक्त चरबी जास्त. तुओमिलेह्तो फिनलंडच्या उत्तर कारेलिया भागातल्या प्रकल्पातून आले होते. तिथे लोणी आणि हृदयविकाराचं नातं त्यांनी जवळून पाहिलं होतं. सरकारने नियम केला आणि रेशनच्या तेलात पामऐवजी सोयाबीन आलं. त्याच दुकानात. बाई तीच कढई चढवत होती, तेच वडे तळत होती.

पाच वर्षांनी, १९९२ मध्ये, पुन्हा रक्त तपासलं. लोकांचं सरासरी कोलेस्टेरॉल आपल्याकडच्या मापात साधारण २१३ वरून १८२ वर आलं होतं. सगळं श्रेय तेलाचं नाही, पण मोठा वाटा तेलाचाच, असं पुढच्या अभ्यासात दिसलं. पुरुषांतलं धूम्रपान ५८ टक्क्यांवरून ४७ वर आलं. रक्तदाबही घटला. ज्या गोष्टीला माणसाची इच्छाशक्ती लागत नाही ती किती पटकन बदलते, याचा इतका स्वच्छ पुरावा जगात थोडाच असेल.

आता पडद्यामागची नावडती बाजू. त्याच पाच वर्षांत लोकांचं वजन वाढलं. मधुमेह कमी झाला नाही. २००९ च्या सर्वेक्षणात पंचवीस ते चौऱ्याहत्तर वयाच्या जवळजवळ दर चौथ्या माणसाला मधुमेह निघाला. तेल सरकारला बदलता आलं, कारण ते एका हातातून येत होतं. बसून करायची नोकरी, दुचाकी, गोड चहा, रस्त्यावरची डाळपुरी, रात्रीचा टीव्ही हे हजार हातांतून येतं. त्यावर कुठल्याही विमानतळावर फॉर्म भरून घेता येत नाही.

आपल्यासाठी

मॉरिशसचे हे किस्से एकत्र ठेवले तर निवाडा सोपा आहे. बेटाचं भलं चमत्काराने झालं नाही. मुलांची पानथरी मोजणारे, भिंती फवारणारे, पत्ता शोधत हॉटेलवर जाणारे आणि उपाशीपोटी आलेल्यांचं रक्त घेणारे कर्मचारी, आणि त्यांच्या आकड्यांवर विश्वास ठेवून नियम करणारं सरकार, यांनी ते केलं. हे काम थांबलं तेव्हा रोग परत आला. चालू राहिलं तेव्हा आला नाही.

आपल्याकडेही हेच लोक पावसाळ्यात दारावर येतात. आशाताई येते, महापालिकेचा डासअळी तपासणारा येतो, मलेरिया खात्याचा माणूस काचपट्टी घेऊन येतो. सोसायटीचा वॉचमन त्यांना गेटवरूनच परत पाठवतो, किंवा आपण आतूनच 'काही नाही आमच्याकडे' म्हणतो. यापुढे ते आले की गच्चीची किल्ली द्या, टाकीचं झाकण उघडून दाखवा, ताप असेल तर बोट पुढे करा. आणि मॉरिशसला जाल तेव्हा तो फॉर्म नीट, पूर्ण पत्त्यासह भरा.